दिवाण भिकोपंतांच्या न दुखणाऱ्या गुडघ्याची बखर

श्रीगजाननास नमन, शारदेस नमन, कुळस्वामिनीस नमन, आणि ज्याचे मन ठिकाणी आहे त्यास व ज्याचे नाही त्यास, दोघांसही सारखेच नमन करून ही हकीकत लिहावयास घेतली. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सर, ते समयी एक राज्य होते. राज्याचे नाव काय, ते कोणत्या नदीचे काठी, ऐसे श्रोत्यांनी पुसू नये; पुसल्यास आम्ही सांगणार नाही, कारण त्या मंडळींचे नातलग आजही चहूकडे आहेत आणि ते फार हळवे आहेत. राज्य लहान परंतु नेटके. गादीवर राणीसाहेब, वयाने पन्नाशीच्या, स्वभावे बहुत प्रेमळ; रागावल्या म्हणजे अडकित्ता आपटीत आणि लगेच ज्याजवर रागावल्या त्याजपुढे सुपारी करीत. त्यांचे सरनोबत हैबतराव, मिशा ऐशा की लहान पोरे पाहून रडणे विसरत. आणि त्यांचे दिवाण भिकोपंत, ज्यांचे हाती राज्याचा शिक्का होता आणि ज्यांजवर साऱ्या राज्याचा जीव होता.

त्या राज्यात एक चाल होती. कोणास ताप आला, कोणाचे पोट धरले, कोणाची मूळव्याध उठली, की सारा गाव समाचारास लोटे, आणि रोगीही आपले दुखणे चारचौघांत असे वर्णन करी की जणू किल्ला सर करून आला. जो येई तो औषध सांगे, आणि औषध न सांगता जो उठेल त्यास माणुसकी नाही ऐसे म्हणत. परंतु मनाचे दुखणे म्हटले की हीच बोलकी मंडळी गप्प होत आणि बायका आवाज उतरवून बोलत. यास कारण होते. राणीसाहेबांचे आजेसासरे राज्य करीत असता एका किल्लेदाराचे चित्त बिघडले आणि त्याने किल्ल्याच्या किल्ल्या वाटेने जाणाऱ्या गोसाव्यास देऊन टाकल्या. गोसावी भला, त्याने परत आणून दिल्या, परंतु महाराजांस भयंकर संताप आला आणि त्यांनी कायदा केला की ज्याचे चित्त बिघडले ऐसे ठरेल त्याचे हाती शिक्का, तलवार, किल्ली, जे काही असेल ते त्याच दिवशी काढून घ्यावे आणि पुन्हा जन्मात देऊ नये. मग लोकांनी आपल्या पदरचे त्यात घातले आणि ज्याचे घरात असे माणूस त्या साऱ्या घरासच तो कायदा लावावा म्हणू लागले. मनाचे दुखण्यावर औषध देणारे हकीम इसाकमियां वेशीबाहेर कुंभारवाड्याचे पलीकडे राहत. त्यांचेकडे जो जाई तो डोकीवरून शाल घेऊन जाई, आणि कोणी हटकले तर मडके आणावयास चाललो म्हणे, आणि लाजेकाजेस खरोखरच एक मडके घेऊन येई. कित्येक घरांत माणसे थोडी आणि मडकी माळ्यापर्यंत, ऐसा प्रकार होता, आणि कुंभार सुखी होते.

आता भिकोपंतांविषयी सांगतो. हा पुरुष देहाने ठेंगणा, पोट बाहेर, हसणे ऐसे मोठे की दरबारातील पारवे उडत. कालव्याचे पाणी कोणी किती घ्यावे, बांध कोणाचा, विहीर कोणाची, हे तंटे तो ऐसे मिटवी की हरलेला मनुष्यही जाताना पान खाऊन जाई. त्याचे कुटुंब चिमाबाई, जिभेने तिखट आणि हाताने सढळ. या जोडप्याचे भांडण ऐकावयास शेजारी आपली कामे लवकर आटपीत. ऐसे चालले असता त्या वर्षी भाद्रपदाचे सुमारास पंतांचे हसणे आधी लहान झाले आणि मग बंद झाले. शिक्का हाती घेत आणि तसाच खाली ठेवीत. समोर माणूस बोलत असे आणि पंत त्याचे तोंडाकडे पाहत, परंतु ऐकत नसत. झोप उडाली. अन्नावरची वासना गेली. एके दिवशी नातवाचे बारशास गेले आणि पाळण्याचे दोरीस हात लावताच डोळ्यांतून घळघळ पाणी आले, ते आवरेना, तेव्हा धूर डोळ्यांत गेला म्हणून सांगितले. वास्तविक चूल परसात होती. याचे कारण काय म्हणाल तर कारण नव्हते. कोणी मेले नव्हते, कोणी फसविले नव्हते, लक्ष्मी घरात होती. आम्ही त्या राज्यातील जाणत्या मंडळींस बहुत पुसले, आणि प्रत्येकाने आपापल्या मगदुराप्रमाणे एकेक कारण दिले, आणि ते एकही खरे नव्हते.

चिमाबाईने काही दिवस पाहिले. मग एके दुपारी तिने भरल्या वांग्यांची भाजी केली, जी पंतांस इतकी आवडे की तीपायी त्यांनी एकदा परराज्याचा वकील दारात ताटकळत ठेविला होता. ती भाजी पानात तशीच राहिली. तेव्हा तिने वाढणे थांबविले आणि पुढ्यात बसून म्हणाली, "अहो, हे काय चालले आहे? भाजी बिघडली असेल तर सांगा, मी बिघडले असेन तर सांगा." पंत म्हणाले, "भाजी चांगलीच असेल. मला चव लागत नाही. मातीचा घास घ्यावा तसे होते." ती म्हणाली, "आणि कामाचे?" पंत म्हणाले, "मला सारे समजते ग. कोणाचे खरे, कोणाचे खोटे, काय हुकूम करावा, सारे समजते. पण हात उचलत नाही. सकाळी उठून पागोटे बांधायचे म्हटले तरी डोंगर चढावा तसे वाटते." चिमाबाई म्हणाली, "मग हकिमाकडे जाऊ." तेव्हा पंत म्हणाले, "हकिमाकडे गेलो की शिक्का गेला. जन्माचा गेला. आणि शिक्का गेला तर भिकोपंत म्हणून मागे राहतो तो कोण? एवढे एक सोडून तू काय म्हणशील ते करतो." मग तिने पानातली भाजी काढून ठेविली, आणि पदराने डोळे पुसून वाड्यावर गेली.

राणीसाहेब झोपाळ्यावर बसल्या होत्या. चिमाबाईने झाले ते सर्व सांगितले आणि सांगता सांगता दोघीही रडल्या. राणीसाहेब म्हणाल्या, "पंतांचा शिक्का मी माझ्या हाताने काढू? त्यापरीस माझा हातच काढून ने." मग त्यांनी सुपारी कातरीत बहुत विचार केला आणि म्हणाल्या, "आपण ऐसे करू. पंतांचा गुडघा धरला आहे म्हणून सांगू. गुडघ्याला कोणी काही म्हणत नाही, गुडघ्याला कायदा नाही. महिना दोन महिने घरी निवांत पडतील, मन आपोआप जागेवर येईल, आणि शिक्काही जागेवर राहील." चिमाबाईस ही मसलत फार पटली ऐसे नाही, परंतु बुडत्यास काडी, म्हणून ती हो म्हणाली. राणीसाहेबांचे मनात मायेवाचून दुसरे काही नव्हते हे आम्ही शपथेवर सांगतो. पुढे जे जाहले ते या मायेनेच जाहले.

दवंडी पिटली की दिवाणसाहेबांचा गुडघा धरला, आणि दुसरे दिवशी सकाळपासून पंतांचे दारी माणूस मावेना. निर्गुडीचा पाला पोत्यांनी आला. तेलीआळीने तिळाचे तेल धाडिले, मग दुसऱ्या तेलीआळीने त्याहून मोठे भांडे धाडिले. धनगरांनी काळी घोंगडी आणिली की हीवर बसल्याने वात पळतो. रेवाआत्या म्हणून एक वृद्ध बाई होती, तिचे गुडघे तिचे लग्नापासून दुखत होते, सबब ती आपणांस या विद्येची मुख्य आचार्य समजे. ती सकाळी येऊन उंबऱ्याशी बसली आणि येईल त्यास आपले व दिवाणांचे दुखण्यातील फरक समजावून देऊ लागली. लांबच्या परगण्यातून मंडळी पायी चालत समाचारास आली आणि आल्यावर त्यांचेच गुडघे दुखू लागले, मग उरलेले तेल त्यांस लाविले. कोणता गुडघा, हे मात्र मसलतीत ठरवावयाचे राहून गेले होते. पंत बिचारे भोळे. कधी या पायाने लंगडत, कधी त्या पायाने. तेव्हा गावात उजव्या गुडघ्याचे आणि डाव्या गुडघ्याचे ऐसे दोन पक्ष जाहले आणि पाणवठ्यावर बोलाचाली झाली. शेवटी जोशीबुवांनी निर्णय दिला की वात फिरता आहे. मग धोंडू वस्ताद म्हणून तालमीचा मुख्य मल्ल आला, त्याने पंतांचा पाय आपले मांडीवर घेतला आणि म्हणाला, "पंत, जरा दम धरा. आत्ता लोण्यावाणी मऊ करून देतो बघा." पंत नको नको म्हणत असता त्याने पाय ऐसा पिळला की कट् ऐसा आवाज आला, बाहेर उभ्या असलेल्यांनी वाहवा केली, आणि जो गुडघा तोवर ठणठणीत होता तो बेलफळाएवढा सुजला. येणेप्रमाणे राणीसाहेबांचे बोलणे सत्य जाहले.

त्या दिवशी दिवे लागणीस माणसे पांगली आणि ओसरीवर पाला, तेल आणि खरकटे उरले. पंत खांबास टेकून बसले होते. चिमाबाई झाडीत होती, ती त्यांजकडे पाहून थांबली. पंत म्हणाले, "किती माणसे आली. सर्व गुडघ्यास भेटून गेली. मजला कोणी भेटले नाही." हे त्यांनी तक्रारीने म्हटले नाही, ऊन पडले आहे म्हणावे तसे म्हटले. ती केरसुणी ठेवून जवळ बसली.

महिना गेला, दुसरा लागला, गुडघा उतरेना आणि मनही जागेवर येईना. दरबाराची कामे घरी येत आणि तशीच पडून राहत. कालव्याचे पाण्यावरून दोन गावांचा तंटा निकालासाठी खोळंबला होता, तेथे लोकांनी वाट पाहून पाहून काठ्या काढिल्या आणि डोकी फुटली. हे वर्तमान पंतांचे कानी गेले, तेव्हा ते माझ्यामुळे, माझ्यामुळे, इतकेच म्हणत राहिले. दुसरे दिवशी टळटळीत दुपारी चिमाबाई देवघरातून बाहेर येऊन पाहते तो पंत ओसरीवर नाहीत. परसात विहिरीचे काठावर बसले होते. ती ओरडली नाही, हळूच जाऊन शेजारी बसली आणि त्यांचे उपरण्याचे टोक मुठीत घट्ट धरून म्हणाली, "काय बघता?" पंत म्हणाले, "पाणी किती निवांत आहे." मग म्हणाले, "मी नसतो तर तुला, सरकारांस, त्या दोन गावांस, सर्वांसच सोपे झाले असते, ऐसे वाटते." चिमाबाई म्हणाली, "मला सोपे झाले नसते." आणि म्हणाली, "शिक्का जातो तर जाऊ दे. मी शिक्क्याशी लग्न लावले नव्हते. उठा. आत्ता जायचे." पंत म्हणाले, "निदान शाल तरी दे." ती म्हणाली, "शाल नाही. ऊन आहे, पागोटे घाला." मग उघडी गाडी जोडली आणि भर बाजारातून, तेलीआळीवरून, वेशीतून, दिवाणांस घेऊन हकिमाकडे गेली. लोक दुकानांतून उठून पाहू लागले. कोणी तरी म्हणाले की पंत स्वतः मडके आणावयास निघाले काय, आणि कोणी हसले नाही.

हकीम इसाकमियां कृश मनुष्य होते, लोणच्याचे बहुत शौकीन, आणि जेवताना कोणी आलेले त्यांस खपत नसे. ते जेवीतच होते. पंतांस लंगडत येताना पाहून म्हणाले, "पंत, गुडघ्याचे औषध माझ्याकडे नाही." पंत म्हणाले, "गुडघा निमित्त होता, हकीमसाहेब." हकीम सुजेकडे पाहून म्हणाले, "निमित्त चांगलेच सुजले आहे." तेव्हा पंतांस हसू आले. इतक्या दिवसांनी आले म्हणून ते कसे हसावे हेच विसरले होते, आणि ते हसू मध्येच मोडून रडे जाहले. हकिमांनी लोणचे बाजूस सारले, हात धुतले आणि त्यांस मन भरेतो रडू दिले. मग पुसत गेले आणि पंत सांगत गेले. झोप, अन्न, काम, बारसे, विहीर, काही राखले नाही. सारे ऐकून हकीम म्हणाले, "हे दुखणे आहे, पंत. आळस नव्हे, पाप नव्हे, कुणाची नजर नव्हे. यास नाव आहे, औषध आहे, आणि यास वेळ लागतो. दिवाण आहात म्हणून लवकर उतरणार नाही. काढा देतो. दर बाजाराचे दिवशी येऊन माझ्याशी बोलायचे. विहिरीवर आजच फळ्या टाका. आणि तसले काही पुन्हा मनात आले तर बाईंस सांगायचे, बाई नसतील तर मला, मी नसेन तर वाटेवरच्या माणसाला, पण एकट्याने ऐकत बसायचे नाही." पंत म्हणाले, "मी बरा होईन?" हकीम म्हणाले, "बहुतेक जण होतात. तुम्ही होईतो मी येथेच आहे, मला दुसरे काम नाही." चिमाबाईने घरी जाऊन आधी फळ्या टाकविल्या.

दरबारात हे वर्तमान पंतांचे आधी पोहोचले होते. हैबतराव सरनोबत उभे राहिले आणि म्हणाले, "सरकार, मी पंताचा वैरी न्हाई. त्यांच्या घरचं मीठ खाल्लंय. पर कायदा तुमच्या आजेसासऱ्यांचा हाय. शिपायाचं डोकं फिरलं की आपुन त्याची तलवार काढतो, नाकेदाराची किल्ली काढतो, आन दिवाणाला तेवढी सूट? मग कायदा गरिबापुरताच का?" हे बोलणे खरे होते. राणीसाहेबांनी पंतांस बोलाविले. सारा दरबार भरला, वेळूच्या चिकाचे पडद्याआड बायका बसल्या, आणि पंत काठी टेकीत आले. राणीसाहेबांचे डोळे लाल होते. त्या म्हणाल्या, "पंत, एकदाच म्हणा की हकिमाकडे गुडघ्याचा लेप आणावयास गेलो होतो. तुमचा शब्द मी खरा मानीन, आणि येथे बसलेला प्रत्येक जण मानील." तेव्हा मानकरी, कारकून, हुजरे, धोंडू वस्तादसुद्धा, सारे माना डोलवू लागले. म्हणा पंत, म्हणा, ऐसे प्रत्येकाचे तोंडावर लिहिले होते. इतकी माणसे एका माणसासाठी मिळून खोटे बोलावयास तयार जाहली, ऐसे प्रेम आम्ही दुसऱ्या राज्यात पाहिले नाही.

पंत म्हणाले, "गुडघा माझा ठणठणीत होता, सरकार. तुम्ही सर्वांनी मिळून तो दुखवला." लोक हसले, वस्ताद खाली पाहू लागला. मग पंत म्हणाले, "दुखणे मनाचे आहे. सरनोबत बोलतात ते खरे. शिपायास जो कायदा तोच मजला. हा शिक्का." आणि कमरेचा शिक्का सोडून गादीपुढे ठेविला. मग म्हणाले, "हा जाईल याची मला फार भीती होती. त्या भीतीने मी विहिरीच्या काठापर्यंत गेलो. आता तो खाली ठेवला आहे आणि मी अजून उभा आहे, हे मलाच नवल वाटते. द्यायचा तर द्या, न द्यायचा तर नका देऊ. पण हकिमाकडे मी राजरस्त्याने जाईन. तापाचा रोगी जातो तसा जाईन. एवढेच मागणे."

आता सरनोबतांनी खाली बसावे, त्यांचे म्हणणे मान्य जाहले होते. परंतु ते बसेनात. तलवारीचा गोंडा बोटांत फिरवीत उभे राहिले, आणि ज्या आवाजाने रणात घोडे वळत तो आवाज ऐसा बारीक काढिला की पुढचे मानकरी कान पुढे करू लागले. म्हणाले, "पंत, एक इचारू का? त्यो हकीम बायामाणसास्नी बघतो का?" पंत म्हणाले, "बघतात. कोणास दाखवायचे आहे?" हैबतराव म्हणाले, "लेक हाय माझी, सगुणा. बाळंतपण झाल्यापासनं भिताडाकडं तोंड करून बसतीया. लेकराला घेत न्हाई. सासरची आणून सोडून गेली. म्या कुनाला सांगितलं न्हाई, पंत. सरनोबताच्या घरात असलं मानूस म्हटलं तर लोक म्हनतील, ह्याचीबी तलवार काढा. मी रोज तिच्या दाराम्होरं जातो आन माघारी येतो." आणि तो मिशाळ मनुष्य भर दरबारात तोंड झाकून उभा राहिला. तेव्हा पडद्याआडून चिमाबाई म्हणाली, "सरनोबत, गाडी बाहेर जोडलेलीच आहे. तिला आत्ताच घेऊन या, मी सोबत बसते."

राणीसाहेबांनी अडकित्ता आपटला, आणि या वेळी सुपारी पुढे केली नाही. म्हणाल्या, "ऐका. हा शिक्का काढून घेतला नाही. मजजवळ ठेव म्हणून राहील. काम तोवर मी पाहीन; मला पंतांइतके जमणार नाही, लोकांनी सोसावे. हकीमसाहेब सांगतील तेव्हा पंतांनी मागावा आणि मी द्यावा. आमचे आजेसासरे फार भले होते, त्यांस त्या दिवशी राग आला होता. राग उतरेतो जगले असते तर त्यांनीच हा कायदा मोडला असता, म्हणून त्यांचे वतीने मी मोडते. आजपासून ज्याचे मन दुखेल त्याचे काम दुसऱ्याने करावे, आणि बरे वाटले की त्याची जागा त्यास. ज्या शिपायांच्या, नाकेदारांच्या वस्तू काढून घेतल्या, त्यांस बोलावून आणा, त्यांचेही ऐकले पाहिजे. आणि पंत, मी तुम्हांस गुडघा दिला, ती माझी चूक. मला मायेत ते सुचले." पंत म्हणाले, "सरकार, माया पोहोचली. पत्ता चुकला होता." ऐसे म्हणून दोघेही हसले आणि दरबार बरखास्त जाहला.

मग काय जाहले म्हणाल तर लोक पुन्हा पंतांचे दारी समाचारास आले, परंतु या वेळी मोठी पंचाईत पडली की आणावे काय. मनास पाला बांधता येईना, तेल चोळता येईना. म्हणून मंडळी रिकाम्या हाताने आली आणि काय बोलावे हे न कळून नुसतीच बसू लागली. रेवाआत्या आली, उंबऱ्याशी बसली आणि म्हणाली, "भिकू, मला ह्यातलं काही कळत नाही रे बाबा." ती ऐसे म्हणाली हे गावात सांगितले तर कोणाचा विश्वास बसेना. मग तिने चिमाबाईकडून पावट्याच्या शेंगा मागून घेतल्या आणि सोलीत बसली, आणि पंतही एकेक शेंग घेऊन सोलू लागले. ऐसे बहुत दिवस चालले. पंतांचे दुखणे सरळ रेषेत उतरले नाही. चार दिवस बरे जात, पाचवे दिवशी पुन्हा अंथरूण सोडवत नसे, तेव्हा वाटे की सारे फुकट गेले. परंतु हकीम म्हणत की गेले नाही, काढा घ्या. दर बाजाराचे दिवशी पंतांची आणि सरनोबतांची मिळून एक गाडी राजरस्त्याने जाई, त्यात सगुणाबाई चिमाबाईस टेकून बसलेली असे. पौषात एके सकाळी सगुणाबाईने आपण होऊन लेकरास मांडीवर घेतले. हैबतरावांनी ते दाराआडून पाहिले आणि तबेल्यात जाऊन घोड्याचे मानेस मिठी मारून रडले. घोड्यास काय समजले ते आम्हांस ठाऊक नाही.

पुढील वर्ष विरोधी नाम संवत्सर लागले. त्या वर्षी चैत्रात पंत दरबारात आले आणि म्हणाले, "सरकार, ठेव मागावयास आलो. पुरता बरा झालो ऐसे म्हणत नाही, काढा चालू आहे, परंतु काम करावेसे वाटते." राणीसाहेबांनी शिक्का आपले हाताने दिला. पंत आपले जागेवर बसले आणि पुकारा करणाऱ्याने पहिला अर्जदार पुकारला. तो वेशीवरचा नाकेदार राणोजी होता, तरणा गडी, घरी एकटा. तो पुढे आला आणि सर्वांदेखत म्हणाला, "दिवाणसाहेब, मनाचं दुखणं हाय. सकाळी उठवत न्हाई, उगाच रडू येतंय. हकिमाकडं जायाचंय. रजा पायजे." दरबारात कोणी मान वळविली नाही, कोणी खाकरले नाही, शेजारच्याने शेजारच्यास कोपर मारले नाही. पंत म्हणाले, "रजा दिली. बरे वाटेतो वेशीवर दुसरा उभा राहील, जागा तुझीच. सोबत कोण आहे तुझ्या?" राणोजी म्हणाला, "कुनी न्हाई." तेव्हा हैबतराव सरनोबत उठले, जोडे घातले आणि म्हणाले, "चल, मी येतो." ते दोघे बाहेर गेले, आणि पुकारा करणाऱ्याने पुढचा तंटा पुकारला, तो एका म्हशीचा होता.

येणेप्रमाणे हकीकत जैसी कानी आली तैसी लिहिली. सारांश, त्या वर्षी त्या राज्याने किल्ला घेतला नाही, मुलूख वाढविला नाही, कोणा शत्रूस धूळ चारली नाही. एक सरनोबत एका नाकेदारास घेऊन भर दिवसा हकिमाकडे चालत गेला, आणि वाटेवरच्या माणसांनी त्यांस रामराम केला. आम्हांस हे लिहून ठेवण्याजोगे वाटले.